परतीचा बंदोबस्त

मोटार चालविणाऱ्याच्या दृष्टीने रेसचे पॅडल दाबण्यासाठी असते. मोटार जोडणाऱ्याने मात्र ते सुटते कसे याची काळजी आधी वाहावयाची असते, आणि ही गोष्ट ज्याच्या मनात पक्की ठसली त्याला सुट्या भागांतून गाडी उभी करण्याच्या विद्येचे निम्मे मर्म हाती आले असे मी समजतो. पाय दाबला की इंजिनाने वेग घ्यावा, एवढे साध्य करावयास फारशी कुशलता लागत नाही. एक तरफ, एक वायर आणि दोन पिना इतक्या सामग्रीवर ते कार्य होऊन जाते. परंतु पाय उचलला असता, मग वायर गंजलेली असो, स्प्रिंग तुटलेली असो, पावसाचे पाणी आउटरमध्ये शिरलेले असो अथवा पायाखालचे मॅट सरकून पॅडलवर चढलेले असो, प्रत्येक प्रसंगी थ्रॉटलची झडप पूर्ववत मिटलीच पाहिजे, याचा बंदोबस्त करणे हे खरे काम होय, आणि त्या कामाला शांतपणा लागतो, वेळ लागतो आणि थोडा संशयी स्वभावही लागतो.

ही विद्या मी खडकीत शिकलो व खडकीतच तिच्यावर उदरनिर्वाह केला, याचे मला समाधान आहे. कारण यंत्राकडे पाहण्याची जी एक शिस्त या गावाच्या अंगी मुरली आहे ती मला अन्यत्र इतक्या सहजासहजी लाभली नसती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांच्या फौजेची आणि कंपनी सरकारच्या पलटणींची येथे गाठ पडली, आणि त्यानंतर मुळेच्या काठी जी छावणी वसली तिने या गावाचे भवितव्य लष्कराच्या सरंजामाशी कायमचे बांधून टाकले. १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना आला. बॉम्बे सॅपर्सचे ठाणे येथलेच. लष्करी वाहनांची व सामग्रीची दुरुस्ती करणारे ५१२ आर्मी बेस वर्कशॉपही येथलेच. आणि १९४६ साली किर्लोस्करांची ऑइल इंजिनेही याच खडकीशी निगडित झाली. अशा गावात ज्या घरी कुणी फिटर, टर्नर वा वेल्डर नाही असे घर शोधावे लागे. लष्कराने निकामी ठरवून लिलावात काढलेल्या जिपा आमच्या आसपासच्या गॅरेजांत येत, कुणाची चासी शाबूत तर कुणाचे केवळ इंजिन शाबूत, आणि दोन-तीन गाड्यांच्या अवशेषांतून एक चालती जीप उभी करणे हेच आमचे प्राथमिक शिक्षण होते.

माझे उस्ताद लष्करी वर्कशॉपातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. गाडी कोणतीही येवो आणि तिची तक्रार काहीही असो, हत्याराला हात लावण्यापूर्वी ते बॉनेट उघडून कार्ब्युरेटरशी कान नेत आणि मला सांगत, "पॅडल हाताने दाब आणि एकदम सोड." थ्रॉटलची तरफ परत येऊन आयडलच्या स्क्रूवर टेकते तेव्हा लोखंडावर लोखंड आपटल्याचा एक बारीक, कोरडा आवाज होतो. तो आवाज स्पष्ट आला तर ते पुढच्या तपासाकडे वळत. अर्धवट आला, लांबला, किंवा आलाच नाही, तर मालकाने ब्रेकची तक्रार आणली असो की क्लचची, आधी त्या आवाजाचा निकाल लागे. "ऐकलंस का? टेकला नाही तो. वायर काढ." एवढेच ते म्हणत. आज इतक्या वर्षांनंतरही नव्या गाडीजवळ गेलो की माझा कान प्रथम तोच आवाज शोधतो.

सुट्या भागांचा संच आणून घरच्या घरी गाडी जोडण्याची हौस इंग्लंडात फोफावली तिला एक सरकारी कारण होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे तयार मोटारीवर जबर खरेदीकर बसे, सुट्या भागांच्या संचावर तो बसत नसे. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली काढलेली लोटस सेव्हन ही दोन आसनांची हलकी गाडी पुष्कळ घरांत पोहोचली ती याच सवलतीच्या वाटेने. १९७३ साली तो कर गेला आणि त्याच वर्षी त्या गाडीच्या निर्मितीचे हक्क केटरहॅमकडे गेले. तरी चौकटीची, उघडी, नावाला पत्रा असलेली ती आकृती जगभरच्या हौशी कारागिरांच्या मनातून गेली नाही. आपल्याकडे अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा नावाची जी रोडस्टर तयार झाली ती त्याच कुळातली, फायबरच्या अंगाची आणि इसुझूच्या अठराशे सीसी इंजिनाची. त्याच्याही कितीतरी आधी, १९४९ साली, इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' या लहान मोटारीचा पहिला नमुना स्वतःच्या हिकमतीने तयार केला होता, ही गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक मेकॅनिकाने अभिमानाने स्मरणात ठेवावी अशी आहे. परवाने, भांडवल आणि सरकारी मंजुरी यांच्या अभावी जी गाडी बाजारात येऊ शकली नाही, तिच्यातही कुणीतरी गुडघे टेकून रेसचे पॅडल बसविले असेल, ते सुटते की नाही हे पाहिले असेल, असा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

सध्या माझ्या शेडमध्ये जी गाडी आकार घेत आहे ती शेजारच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची आहे. चौकोनी नळ्यांची चौकट त्याने आपल्या मित्रांच्या साहाय्याने वेल्ड केली, अंग फायबरचे आहे, आणि इंजिन अपघातात भंगारात गेलेल्या एका लहान पेट्रोल गाडीचे आहे, त्याच्या संगणकासह, पॅडलसह आणि कापून काढलेल्या वायरिंगच्या भाऱ्यासह. ही गाडी सार्वजनिक रस्त्यासाठी नाही, हे मी पहिल्याच दिवशी त्याच्याकडून कबूल करून घेतले. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतील फेरफारांच्या बाबतीत कडक आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार मान्य होणार नाहीत असा निर्वाळा दिल्यानंतर या विषयात वाद घालण्याजोगे फारसे काही उरलेले नाही. गाडी ट्रेलरवरून खासगी ट्रॅकवर जाईल आणि ट्रेलरवरूनच परत येईल. तथापि ट्रॅकवरची गाडी म्हणून तिच्या पॅडलाला यत्किंचितही सवलत देता येत नाही. उलट तेथे पाय अधिक निष्ठुरपणे दाबला जातो.

वायरीने चालणाऱ्या थ्रॉटलचे गणित मी त्याला प्रथम शिकविले, जरी या गाडीला वायर नाही; कारण जे डोळ्यांनी दिसते ते समजल्यावाचून जे दिसत नाही ते समजणे कठीण. थ्रॉटलच्या बाजूची वायर गुंडाळणारी चकती बावीस मिलिमीटर त्रिज्येची असली आणि झडपेला पाव फेरा घ्यावयाचा असला, तर वायर सुमारे ३५ मिलिमीटर ओढली गेली पाहिजे. मनुष्याच्या पायाला, टाच जमिनीवर ठेवून, सुखाने जाता येते ते अंतर ५५ मिलिमीटरच्या आसपास. पॅडलची तरफ खिळीपासून पायपट्टीपर्यंत २०० मिलिमीटर धरली, तर वायरीचे छिद्र खिळीपासून १२७ मिलिमीटरच्या जवळपास यावयास हवे. मी ते १३० वर पाडतो आणि उरलेले सुमारे एक मिलिमीटर स्टॉपच्या बोल्टने वसूल करतो. हा स्टॉपचा बोल्ट पुष्कळ जण विसरतात. झडप पूर्ण उघडली त्याच क्षणी पॅडल चौकटीला घट्ट वेल्ड केलेल्या बोल्टावर टेकले पाहिजे, म्हणजे त्यापुढचा पायाचा सारा जोर चौकट सोसते; तो बोल्ट नसेल तर तोच जोर वायर, तिची गाठ आणि झडपेची नाजूक दांडी यांच्यावर पडतो, आणि ताणून लांबलेली वायर किंवा वाकलेली दांडी पुढे कधीतरी मिटण्याच्या वेळी अडते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फुलपाखराच्या आकाराची ती झडप समप्रमाणात उघडत नाही आणि इंजिनही समप्रमाणात उत्तर देत नाही. कमी फेऱ्यांवर असताना पहिल्या चतुर्थांशातच बहुतेक सगळा जोर येऊन जातो, नंतरच्या तीन भागांत फरक थोडा. सहाशे किलोच्या आतल्या हलक्या गाडीत हा पहिला चतुर्थांश चालविणाऱ्याला झटके देतो. कंपन्यांच्या गाड्यांत म्हणून चकती गोल न ठेवता तिला अंड्यासारखा उतार देतात, की ज्यायोगे आरंभी पाय जास्त जावा आणि झडप कमी उघडावी. मी घरी कानस घेऊन असा उतार काढलेला आहे, आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरक तळपायाला जाणवतो हे ज्याला खोटे वाटते त्याने तो स्वतः करून पाहावा.

पायखोलीची रुंदी हा सेव्हनच्या जातीच्या गाड्यांतला नेहमीचा तंटा. तीन पॅडले एका वितीच्या जागेत मांडावयाची असतात. ब्रेकचा पाय चुकून रेसवर पडता कामा नये, पण टाच न हलविता एकाच पावलाने दोन्हींवर ताबाही ठेवता आला पाहिजे. मी प्रत्येक चालकाला तो जे पादत्राण घालून गाडी चालविणार असेल तेच घालून चौकटीत बसवितो आणि पायपट्ट्यांच्या कडा खडूने आखून घेतो. आमच्या विद्यार्थ्याचा पाय लांब आणि अरुंद. त्याच्यासाठी ब्रेक व रेस यांमध्ये ठेवलेले अंतर त्याच्या मित्राच्या रुंद बुटाला पुरेना. तेव्हा गाडी ज्याची त्याच्या मापाची राहील, परंतु दुसऱ्याचाही पाय दोन पॅडलांच्या बेचक्यात अडकणार नाही, एवढे अंतर अखेर कायम केले.

आता स्प्रिंगांविषयी. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला गाड्यांच्या स्पर्धांचे नियम ज्यांनी वाचले आहेत त्यांना ठाऊक असेल की थ्रॉटलला किमान दोन परतीच्या स्प्रिंगा असल्या पाहिजेत, त्यांतील कोणतीही एक निकामी झाली तरी उरलेलीने झडप मिटविली पाहिजे, आणि झडपेच्या सेन्सरमधील अंगची स्प्रिंग त्यात धरावयाची नाही. हा नियम ज्याने लिहिला त्याने माझ्या उस्तादांचे गॅरेज पाहिलेले नव्हते, तरी नियम तोच होता. जिपेवर ते नेहमी एक स्प्रिंग कार्ब्युरेटरच्या तरफेला आणि दुसरी पॅडलच्या तरफेला लावीत, आणि दोहोंचे आकडे वेगवेगळ्या छिद्रांत अडकवीत, कारण एकच छिद्र झिजून फाटले तर दोन्ही स्प्रिंगा एकदम सुटतात. दोन स्प्रिंगा असणे आणि दोन स्वतंत्र आधार असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. दुसरी साधली नाही तर पहिलीचा उपयोग नाही.

इथवर पॅडलचा विचार झाला. वायरिंगचा विचार वेगळा आहे असे बहुतेकांना वाटते, मलाही पूर्वी तसेच शिकविले गेले होते. पण हे दोन विषय एकाच सूत्रात बांधलेले आहेत हे ज्या गाडीने मला दाखविले ती एका गिऱ्हाइकाची जुनी जीप होती. तक्रार अशी की सेल्फ मारला की डॅशबोर्डातून धूर येतो, आणि अलीकडे चोकही ओढला जात नाही. चोकची वायर आउटरसकट सोडवून बाकावर ठेवली तेव्हा तिच्या गुंडाळीचा रंग ठिकठिकाणी निळसर-जांभळा झालेला दिसला, पोलाद तापून गेल्यावर होतो तसा, आणि आतली तार एका जागी आउटरला चिकटून बसलेली होती. विजेच्या कोणत्याही तारेशी तिचा संबंध नव्हता. उस्तादांनी चासीखाली वाकून इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याची वेणी पाहिली. तिचा एक टोकाचा थिंबल तुटून लोंबत होता. इंजिन रबराच्या पायांवर बसलेले, म्हणजे चासीपासून विजेच्या दृष्टीने अलग. सेल्फला लागणारा शेकडो अँपियरचा प्रवाह बॅटरीतून इंजिनात येत होता, पण इंजिनातून चासीत परत जाण्याची त्याची राजमार्गाची वाट तुटली होती. तेव्हा त्याने कार्ब्युरेटरपासून डॅशबोर्डापर्यंत जाणारी चोकची वायर हीच परतीची वाट केली. रेसची वायर जर त्या बाजूला असती तर तीच तापून वितळली असती, आणि उघडी झडप तशीच अडकून राहिली असती. थिंबल नवा क्रिम्प करून, चासीचा रंग खरवडून, वेणी घट्ट आवळल्यावर धूर गेला. चोकची वायर अर्थात बदलावी लागली.

त्या दिवसापासून वायरिंगचा आराखडा मी परतीच्या बाजूने काढू लागलो. प्रवाह जाण्याची बाजू प्रत्येक जण मन लावून करतो, रंगीत तारा, फ्यूज, रिले, स्लीव्ह, सगळे व्यवस्थित. आणि परतीची बाजू म्हणजे काळी तार कोठेतरी बोल्टखाली दाबून दिली की झाले, अशी समजूत आहे. लोखंडी अंगाच्या गाडीत ती समजूत बऱ्याच अंशी खपून जाते, कारण सारे अंगच वाहक असते. फायबरच्या अंगाची गाडी ती खपवून घेत नाही. फायबरच्या नाकात बसविलेल्या हेडलाइटला अर्थिंग देण्यास तेथे लोखंड नाही. तार चौकटीपर्यंत किंवा बॅटरीपर्यंत परत आणावी लागते. ५५ वॉटचे दोन दिवे मिळून सुमारे नऊ अँपियर घेतात. परतीची तार एक चौरस मिलिमीटरची आणि चार मीटर लांब ठेवली तर वाटेतच सुमारे सहा दशांश व्होल्ट खर्च होतो, अडीच चौरस मिलिमीटरची ठेवली तर पाव व्होल्ट. दिवे थोडे मंद लागतील, इतकेच नुकसान कुणाला वाटेल. परंतु त्याच काळ्या तारेला, सोयीची जवळ सापडली म्हणून, जर कुणी रेसच्या सेन्सरची परत जोडली, तर ज्या सेन्सरचे सगळे माप पाच व्होल्टांत सामावलेले आहे त्याच्या मापात दिवे लावताच सहा दशांश व्होल्टांची भर पडते, म्हणजे पाय जागचा हललेला नसताना सुमारे आठवा हिस्सा पॅडल दाबल्याचा भास संगणकाला होतो. म्हणून सेन्सरांची परत चौकटीला नाही, बॅटरीला नाही, थेट संगणकाच्या त्यासाठी राखून ठेवलेल्या पिनेपर्यंत स्वतंत्र तारेने नेली पाहिजे, आणि तिच्यात दुसऱ्या कोणत्याही प्रवाहाला प्रवेश देता कामा नये. क्रँकच्या सेन्सरच्या तारेवरचे जाळीचे आवरणही एकाच टोकाला अर्थ करावयाचे. दोन्ही टोके अर्थ केली की त्या जाळीतूनच प्रवाह वाहू लागतो आणि विजेच्या ज्या व्यत्ययापासून संरक्षण हवे तोच व्यत्यय आत येतो.

रिलेच्या तळाशी जे आकडे छापलेले असतात ते जर्मन प्रमाणपद्धतीचे आहेत, आणि या धंद्यात येणाऱ्या मुलाला मी अक्षरओळखीसारखे तेच प्रथम शिकवितो: ३० म्हणजे बॅटरीकडून थेट येणारी, १५ म्हणजे चावी फिरविल्यावर जिवंत होणारी, ८५ व ८६ म्हणजे रिलेच्या वेटोळ्याची दोन टोके, ८७ म्हणजे पुढे कामाकडे जाणारी, आणि ३१ म्हणजे परतीची. भंगारातून आलेल्या वायरिंगच्या भाऱ्यातून आम्ही जेव्हा नको असलेल्या तारा वेगळ्या करू लागलो, एअरबॅगच्या, खिडक्यांच्या, वातानुकूलनाच्या, तेव्हा विद्यार्थ्याचा कल कात्री चालविण्याकडे होता. मी त्याला थांबविले. प्रत्येक तार दोन्ही टोकांना मल्टिमीटरने तपासून, कागदावर तिचा रंग, पिनेचा क्रमांक आणि ठिकाण यांची नोंद करून, मगच ती भाऱ्यातून ओढून काढावी, असा शिरस्ता ठेवला. काम संथ झाले खरे. पण कापलेल्या तारेचे दुसरे टोक शोधण्यात जो काळ जातो त्याच्या मानाने ते फार जलद झाले असे माझे मत आहे. नवे थिंबल व क्रिम्पिंगची पकड यांसाठी आम्ही तापकीर गल्ली गाठली. जुने कपलर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाले. सोल्डर मी हलणाऱ्या जागी वापरत नाही, कारण सोल्डर जेथे संपतो तेथे तार ताठर होऊन कंपनाने तुटते. चांगल्या पकडीने केलेला क्रिम्प, त्यावर आतून गोंद असलेली स्लीव्ह, आणि पत्र्याच्या भिंतीतून जाताना रबरी ग्रोमेट, एवढ्यावर तार गाडीच्या आयुष्यापर्यंत टिकते.

आता या गाडीच्या खऱ्या पॅडलाकडे येतो. भंगार गाडीचे पॅडल प्लास्टिकचे, आणि त्याच्यातून सहा तारा निघतात: दोन पाच व्होल्टांच्या, दोन परतीच्या आणि दोन संदेशाच्या. पॅडलमध्ये एक नाही, दोन सेन्सर आहेत, आणि एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मा असतो. पाय जसजसा खाली जातो तसतसे दोघेही वाढतात, पण त्यांचे परस्परप्रमाण बदलत नाही. दोन साक्षीदारांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकाच घटनेविषयी जबानी घ्यावी, आणि दोन्ही जबान्या जुळल्या तरच खटला पुढे चालवावा, असा हा शिरस्ता आहे. संगणकाला तफावत आढळली की तो इंजिनाला बेताच्या फेऱ्यांवर आणून ठेवतो, इशाऱ्याचा दिवा लावतो आणि पुढचा हुकूम मानण्याचे नाकारतो. थ्रॉटलच्या झडपेतही तिला फिरविणारी विजेची मोटार बंद पडली तर स्प्रिंगा तिला किंचित उघड्या अशा ठरावीक स्थितीत आणून ठेवतात, जेणेकरून गाडी रखडत का होईना बाजूला घेता यावी.

"काका, मग वायरीपेक्षा हेच चांगलं ना?" असे त्याने मला विचारले. त्याला मी सरळ हो म्हटले नाही. घरी जोडलेल्या गाडीत वायरीचा मोठा गुण असा की तिचा बिघाड हाताला लागतो; वायर जड झाली, उसवली, गंजली, तर पाय ते सांगतो. तारांच्या पॅडलमध्ये पायाला नेहमी सारखेच वाटते, आत काय चालले आहे ते फक्त मीटर सांगतो. पण दोन साक्षीदारांची तजवीज, तफावतीचा तत्काळ निकाल आणि मिटण्याकडे झुकलेली स्प्रिंग, या तिन्ही गोष्टी ज्याने योजिल्या त्याने उस्तादांचाच प्रश्न विचारला होता असे मला वाटते; म्हणून मूळ व्यवस्था जशीच्या तशी ठेवली तर मला ती मान्य आहे. ती अर्धवट ठेवून, एकाच सेन्सरची तार दोन्ही पिनांना जोडून, संगणकाची फसवणूक करणारे कारागीर मी पाहिले आहेत. दोन्ही साक्षीदार एकाच तोंडाने बोलू लागले की ती व्यवस्था असून नसल्यासारखीच झाली.

२००९ व २०१० साली अमेरिकेत टोयोटाच्या लाखो गाड्या परत बोलाविण्यात आल्या, आपोआप वेग वाढण्याच्या तक्रारींमुळे. पुष्कळांचा संशय इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवर होता. अमेरिकन सरकारने नासाच्या अभियंत्यांकडून त्याची चौकशी करविली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर झालेल्या अहवालात असा धोकादायक वेग निर्माण करील असा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नाही. जी यांत्रिक कारणे कायम ठरली ती मॅटखाली अडकणारे पॅडल आणि परत यावयास अळंटळं करणारे पॅडल, ही होती. एवढ्या मोठ्या चौकशीने अखेर पायखोलीतल्या त्याच कोपऱ्याकडे बोट दाखवावे, याचे मला नवल वाटले नाही, दुःख मात्र झाले, कारण ज्या गोष्टीला एका चांगल्या फिटरचे लक्ष पुरले असते तिच्यासाठी माणसे मेली. आमच्या गाडीत मॅट नाही. फरशीवर खरखरीत रबर चिकटवून टाकले आहे.

प्लास्टिकचे पॅडल मूळच्या गाडीत उंच आसनासाठी बनविलेले, आणि आमच्या चालकाचे पाय जवळजवळ आडवे. पॅडल तसेच उभे बसविले असते तर पावलाचा कोन जुळला नसता. म्हणून तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा कोनाकार आधार कापून, पॅडलचा पाया मागे कलवून, चौकटीच्या नळीला बोल्ट केला. तरफेला हात लावला नाही. प्लास्टिकची तरफ कापून तिच्यात लोखंड घुसविण्याचा मोह मी टाळतो, कारण तिच्या अंगातली स्प्रिंग ज्या वजनासाठी योजलेली आहे ते वजन वाढले की ती मंदावते. पुढे पायाचा सारा जोर पॅडलच्या अंगच्या प्लास्टिक स्टॉपवर पडू नये म्हणून त्याच्या किंचित अलीकडे आठ मिलिमीटरचा बोल्ट पुन्हा वेल्ड केला, आणि मीटर लावून पाहिले की बोल्टावर टेकताना पहिला सेन्सर त्याच्या पूर्ण मापाच्या जवळ पोहोचतो की नाही.

तपासणीच्या दिवशी गाडी जॅकवर, चाके अधांतरी, अग्निशामक हाताशी, आणि बॅटरीचा कट-ऑफ बाहेरून हाती येईल असा. इंजिन सुरू न करता चावी फिरविली; विद्यार्थी पॅडल हाताने सावकाश दाबत गेला आणि मी दोन्ही सेन्सरांचे आकडे मोठ्याने वाचत गेलो. खाली जाताना आणि वर येताना आकडे तेच आले पाहिजेत. वर येताना एखाद्या जागी ते रेंगाळले तर खिळीत घाण आहे असे समजावे. मग इंजिन सुरू केले, हेडलाइट लावले, पंखा चालू केला आणि पुन्हा आकडे पाहिले. ते हलले नाहीत, म्हणजे परतीची तार स्वच्छ आहे. इंजिन आणि चौकट यांमधल्या वेणीवर मीटर ठेवून सेल्फ मारला तेव्हा काटा व्होल्टाच्या दहाव्या हिश्श्याच्या आतच राहिला. मग इंजिन मंद चालत असताना पॅडलचा एक संदेश कपलरातून सोडविला. इशाऱ्याचा दिवा लागला, फेऱ्या स्थिर राहिल्या, आणि पॅडल कितीही दाबले तरी इंजिनाने दाद दिली नाही. विद्यार्थ्याने ते दोनदा करून पाहिले आणि वहीत नोंद केली.

एक काम राहिले आहे. पुष्कळ गाड्यांच्या संगणकांत अशी सोय असते की ब्रेक आणि रेस दोन्ही एकदम दाबली गेली तर ब्रेकचे ऐकावे. परंतु ब्रेक दाबला आहे हे त्याला कळले तरच तो ऐकणार, आणि ते कळण्यासाठी ब्रेकच्या पॅडलवरील स्विचमधून त्याला दोन स्वतंत्र तारांनी खबर गेली पाहिजे, एक मागच्या दिव्याची आणि एक केवळ त्याच्यासाठी. भंगार गाडीच्या भाऱ्यात ती दुसरी तार दुसऱ्याच कपलरात गेलेली होती आणि त्यामुळे आमच्याकडून ती बाजूला पडली आहे. तिचा पिन-क्रमांक वहीत आहे, तार कापून ठेवलेली आहे, आणि स्विच मिळाला आहे. पण ती जोडून, तिच्याही परतीची तपासणी होईपर्यंत गाडी जॅकवरून उतरवायची नाही, असे आम्ही दोघांनी ठरविले आहे.